तडा दिसला पाहिजे, माणूसही दिसला पाहिजे

लातूरच्या बस स्टँडच्या मागं माझी फोटो लॅब होती. लोकांना वाटतं, लॅबवाला म्हणजे फोटो काढणारा. माझं निम्मं आयुष्य मात्र फोटो का आला नाही, हे सांगण्यात गेलं. गिऱ्हाईक रोल टाकून जायचं, संध्याकाळी उड्या मारत पाकीट न्यायला यायचं आणि मी पाकिटाऐवजी कोरी पट्टी पुढं करायचो. त्या वेळी माणसाचा चेहरा कसा होतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय, की निदान त्याचा तरी एक फोटो काढून ठेवायला हवा होता.

क्लासेसचा जोर आला तेव्हा तर विचारूच नका. नांदेड, हदगाव, किनवटाकडून वडील मंडळी पोरांना अकरावीला लातुरात ठेवायला यायची. हातात गादीची वळकटी, बादली, पत्र्याची पेटी आणि गळ्यात कुणाचा तरी मागून आणलेला, खिशात मावणारा छोटा कॅमेरा. पोराला क्लासच्या पाटीखाली उभं करायचं, वर ऊन, पाटी चकाकतेय, पोरगं रडकुंडीला आलेलं, आणि बाप सूर्याकडं तोंड करून बटण दाबतोय. धुतल्यावर फोटोत पाटी पांढरीफट्ट आणि पोरगं काळं ठिक्कर. "आमचा ओमकार यातला कोणता?" असं विचारणारे बाप मी पाहिलेत. फोटोत एकच जण असायचा.

इस्लापूरकडच्या एका मास्तरांनी तर कमाल केली. छत्तीस फोटोंचा एक रोल त्यांनी पुरवून पुरवून वापरला. धुतला तर पहिल्या फोटोत लेकीचं बारसं, मधे सहस्रकुंडाचा धबधबा आणि शेवटी तीच लेक दप्तर घेऊन शाळेला निघालेली. रंग सगळे जांभळे पडलेले. मी म्हणालो, "मास्तर, घातलेला रोल लवकर संपवायचा असतो." तर म्हणाले, "लेकरू मोठं व्हायला वेळ लागला, त्याला मी काय करू?"

पण या छोट्या कॅमेऱ्यात माणूस काय काय चुका करू शकतो, याचं पक्कं शिक्षण मला क्लासेसच्या आधीच मिळालं होतं. भूकंपानंतरच्या हिवाळ्यात. आणि ते देणारे होते नागनाथअप्पा बिराजदार, ग्रामसेवक.

भूकंपात जी गावं मुळापासून गेली, तिथं मी एकदा गेलो होतो. कॅमेरा पिशवीतून बाहेर काढला नाही, तसाच परत आलो. त्याबद्दल मला लिहिता येत नाही. अप्पांचं गाव औशाच्या पलीकडं, कडेचं. तिथं सगळी माणसं वाचली, पण घराघराच्या भिंती उलल्या होत्या. दुरुस्तीला मदत मिळणार होती. त्यासाठी प्रत्येक अर्जाला फोटो जोडायचा होता. तालुक्याच्या साहेबांनी अप्पांना एका वाक्यात नियम सांगितला होता : "तडा दिसला पाहिजे, माणूसही दिसला पाहिजे."

अप्पांचे मेव्हणे आखातात होते. त्यांनी आणलेला छोटा कॅमेरा कपाटात पडून होता. अप्पांनी तो पुसला, सेल घातले, रोल घातला आणि सरळ कामाला लागले. कुणाला विचारायचं म्हणजे कमीपणा. गावातला सगळ्यात शिकलेला माणूस तेच होते ना.

पाच दिवसांनी ते माझ्या काउंटरवर आले. गोल चेहरा, कपाळावर विभूतीचे पट्टे, खांद्याला शबनम.

"शरणार्थ, शब्बीरभाई. छत्तीस माणसं हायत यात. जपून धुवा."

मी जपून धुतलं. एकही माणूस नव्हता.

"छत्तीसच्या छत्तीस?"

"एक बी नाही, अप्पा."

"अहो, खटखट वाजत होतं की दर बारीला!"

"बटण वाजणारच. आत रोल सरकायला नको का?"

बाहेरच्या माणसासाठी सांगतो. त्या कॅमेऱ्यात रोलची जीभ समोरच्या चाकाच्या दातात अडकवावी लागायची. ती अडकली नाही, तर चाक रिकामंच फिरायचं आणि रोल जागच्या जागी. ओळखायची खूण सोपी. डावीकडं वर एक छोटा दांडा असतो. आपण रोल पुढं सरकवताना तो दांडा गरगर फिरला, तर समजायचं आत सगळं ठीक आहे. नाही फिरला, तर तुम्ही दिवसभर हवेचे फोटो काढताय.

अप्पांनी हे नीट ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "सगळ्यांनी धुतलेली धोतरं नेसली होती हो."

दुसरा रोल आला तेव्हा ते छातीठोकपणे म्हणाले, "दांडा फिरला. पोरासोरांना बी दाखवला." खरंच, फोटो आले होते. भिंती होत्या, तडे होते, माणसंही होती. पण प्रत्येक माणसाच्या डोक्यावर एक गुलाबी गोळा तरंगत होता.

"हा ढग कसला?" अप्पांनी विचारलं.

"ढग नाही, बोट आहे."

"कुणाचं?"

मी फोटो त्यांच्या पुढं सरकवला. अप्पांनी आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं आणि डावा हात सावकाश खिशात घातला.

मोठ्या कॅमेऱ्यात आपण लेन्समधूनच बघतो. या छोट्यात बघायची खिडकी वेगळी, लेन्स वेगळी. लेन्ससमोर बोट येऊ दे, दोरी येऊ दे, नाहीतर हत्ती येऊ दे, आपल्याला खिडकीतून सगळं चकाचक दिसतं. म्हणून डाव्या हाताची बोटं कॅमेऱ्याच्या खाली आणि कडेला धरायची, समोर येऊ द्यायची नाहीत. मी हे सांगितलं तेव्हा अप्पांनी हातात कॅमेरा नसताना बोटं तशी धरून पाहिली आणि तशीच धरून रस्त्यावर गेले. समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याला वाटलं, हे आपल्यालाच थांबवतायत.

तिसरा रोल सगळ्यात चांगला होता. त्याच्यावर साहेब सगळ्यात जास्त भडकले.

झालं असं, की घरमालक नेमका तड्यापुढं उभा. गावातले भीमाशंकर सावकार तर इतके भरभक्कम, की त्यांच्यामागं अख्खी भिंत झाकली गेली. साहेब म्हणाले, "यांचं घर तर धडधाकट दिसतंय." मग काही फोटो तडा दिसावा म्हणून फार लांबून काढलेले. त्यात भिंत दिसली, पण माणूस मुंगीएवढा. चेहरा दिसावा म्हणून काही इतके जवळून काढले, की चेहरा धुरकट आणि वरून डोकं कापलेलं. हा कॅमेरा हाताच्या अंतरावरचं टिपतच नाही, दोन-तीन पावलं मागं जावंच लागतं.

आणि उरलेल्या सगळ्या फोटोंत माणसं हसत होती.

"हसा म्हणालो मी," अप्पा म्हणाले. "फोटो काढताना म्हणतात की तसं."

साहेबांनी फोटो टेबलावर पसरून विचारलं होतं, "बिराजदार, ही भूकंपाची प्रकरणं आहेत का वास्तुशांतीची?"

परत जाऊन अप्पांनी लोकांना सांगितलं, जरा दुःखी दिसा. तेही अंगलट आलं. एका म्हाताऱ्यानं गळाच काढला, त्याच्या सुना धावत आल्या, त्यांनी त्याला पाहून सूर लावला, शेजारपाजारचे गोळा झाले आणि भरल्या घराला काय झालं म्हणून पलीकडच्या आळीतून माणसं पळत आली. त्या फोटोत एकूण सतरा माणसं आहेत. तडा नाही.

आता गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती. अर्ज द्यायला आठ दिवस उरले होते. गावात कुजबूज सुरू झाली होती, की अप्पा मुद्दाम फोटो खराब करून राहिले, त्यांना कुणाचं तरी काम अडवायचं असेल. ज्या माणसाला पंधरा वर्षं गावानं डोळे झाकून कागद दिले, त्याला लोक डोळे बारीक करून बघायला लागले. एका दुपारी अप्पा आले, स्टुलावर बसले आणि शबनमचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिले.

"भाई, एक दिवस गावाला येता का?" शेवटी म्हणाले. "पण मी शिकून राहिलो, हे कुणाला कळायला नको."

मी दुकान बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेलो.

पारावर अंथरलेल्या ताडपत्रीवर चाळीसेक माणसं जमली होती. अप्पांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं, "हे फोटो खात्याचे साहेब. तपासणीला आलेत."

मी चपापलो. "अहो अप्पा..." एवढंच म्हणालो, तर त्यांनी माझ्या पायावर पाय दिला. असलं कुठलंही खातं अस्तित्वात नाही, पण गावानं ते लगेच मान्य केलं. माझ्यासाठी खुर्ची आली, चहा आला आणि पिऊन झाल्यावर कप मी सवयीनं उचलून समोरच्या घरात नेऊन ठेवला. एकानं मला बाजूला घेऊन पडलेल्या विहिरीचं गाऱ्हाणं सांगितलं. दुसऱ्यानं विचारलं, "साहेब, माझ्या फोटोत मी लई बारीक आलतो, त्यानं मदत कमी मिळंल काय?" मी सांगत होतो की बाबांनो, मी दुकानदार आहे. ते एकमेकांना म्हणत होते, साहेब साधा माणूस हाय.

काम मात्र झकास सुरू झालं. मी अप्पांच्या कानाशी पुटपुटायचो आणि अप्पा मोठ्यानं हुकूम सोडायचे. ऊन पाठीवर घ्या. मालकाला तड्याच्या बाजूला उभं करा, पुढं नको. सहा पावलं मागं. बोटं आत. हसू नका, रडू नका, जसे हाय तसे ऱ्हावा. अंधाऱ्या खोलीत फ्लॅश लावायचा तर भिंतीपासून दहा-बारा फुटांच्या आतच, कारण या कॅमेऱ्याचा फ्लॅश म्हणजे काडेपेटीची काडी, त्याच्यापुढं उजेड पोचत नाही. घरामागून घर होत गेलं. अप्पांचा आवाज चढत गेला. दुपारपर्यंत ते मला न विचारताच "बोटं आत" असं स्वतःलाच ओरडून सांगत होते.

अडलं ते सोजरबाईच्या दारात. सत्तरीची बाई, एकटी राहायची. एकाच खोलीचं घर, मागची भिंत बाहेर झुकलेली. ती उंबऱ्यावर बसून राहिली, उठेना.

"सोजरमावशी, हुबं ऱ्हावा की," अप्पा म्हणाले.

"मी न्हाई. आजवर माझा कुणी फोटो काढला न्हाई. एकच निघायचा, त्यो असल्या पडक्या भितीपुढं? मी मेल्यावर लेक ह्योच लावील ना भितीला?"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. ही अडचण कुठल्याच कॅमेऱ्याच्या पुस्तकात नव्हती.

"मावशी, दोन काढू," मी म्हणालो. "एक सरकारचा, एक तुमचा."

तिनं विचार केला, आत गेली, हिरवं नऊवारी लुगडं नेसून आली. मी अप्पांच्या हातातून कॅमेरा घेतला. सरकारचा भिंतीपाशी काढला आणि तिचा समोरच्या लिंबाखाली. खरं सांगतो, लिंबाखालचा फार सुरेख होता. खिडकीतून दिसलं तेव्हाच मला कळलं.

त्या फोटोबरोबर रोल संपला. कॅमेरा माझ्याच हातात होता. रोल संपला, की खालचं बटण दाबून दांडा उलटा फिरवायचा, सगळी पट्टी परत डबीत गुंडाळून घ्यायची आणि मगच पाठीचं झाकण उघडायचं. त्याआधी उघडलं, तर उजेड आत शिरतो आणि सगळं जळतं. हे मी काउंटरवर हजार जणांना सांगितलं असेल. मी तिथं एका माणसाशी बोलत होतो, मधेच अप्पांना विचारलं, "गुंडाळली का?"

"हाव, गुंडाळली," अप्पा म्हणाले.

मी झाकण उघडलं.

आत पट्टी आडवी ताणलेली होती. तपकिरी, चकचकीत, भर दुपारच्या उन्हात. कॅमेरा माझ्या हातात असताना अप्पा कुठून गुंडाळणार? त्यांना वाटलं, मी पारावरच्या ताडपत्रीचं विचारतोय.

मी झाकण खाडकन लावलं. झाकण लावून काही उपयोग नसतो, तरी माणूस लावतोच. अप्पांच्या तोंडावरचा रंग उडाला. ते तोपर्यंत माझ्याकडून एवढं शिकले होते, की काय झालं हे त्यांना सांगावं लागलं नाही. सकाळपासूनचे छत्तीस फोटो गेले होते. चाळीस माणसं आमच्याकडं बघत होती आणि त्यातली निम्मी आधीच अप्पांवर संशय धरून होती. मी खरं बोलायला तोंड उघडलं.

"ऐका!" अप्पाच ओरडले. "साहेबांनी रोल जागेवर तपासला. साहेबांचं म्हणणं पडलं, ऊन आता जास्त चांगलं हाय. पुन्हा एक बारी काढू."

लोक कुरकुरले, पण साहेबांचंच म्हणणं म्हटल्यावर उभे राहिले. मी खाली मान घालून दुसरा रोल घातला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत अप्पांनी कॅमेरा माझ्या हाती दिला नाही आणि मी मागितलाही नाही.

सगळी घरं झाली, पण सोजरबाई नव्हती. दोन फोटो निघाले, काम झालं, म्हणून ती लगेच आत गेली होती, पुन्हा काढायचं तिनं ऐकलंच नव्हतं, आणि तीनच्या गाडीनं लेकीकडं कंधारला निघून गेली होती.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "इतने साल दुसरों की गलती पकडे, अब पूरा लातूर खुश होगा." मग लाटणं थांबवून म्हणाली, "उस बुढिया का क्या?"

तोच प्रश्न मलाही पडला होता. सुदैवानं त्याच आठवड्यात नांदेडला भाच्याचं लग्न होतं. मी एक दिवस आधी निघालो, लोह्याला उतरून कंधारची गाडी धरली आणि विचारत विचारत सोजरबाईच्या लेकीचं घर काढलं. बाई अंगणात शेंगा फोडत बसली होती.

"साहेब? इथवर?" ती उठून उभी राहिली. "आणलाव का फोटो?"

मी साहेब नाही, फोटोवाला आहे आणि तुमचा फोटो माझ्या हातून जळाला, असं एका दमात सांगून टाकलं. तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मला वाटलंच," म्हणाली. "साहेब लोकं चहाचा कप उचलून आत न्हेऊन ठिवत न्हाईत."

मग तिनं अट घातली. गावी येऊन सरकारच्या फोटोला ती उभी राहणार, पण आधी तिचा स्वतःचा. आणि तोही अंगणात नको. लेकीला बरोबर घेऊन ती मला थेट किल्ल्यावर घेऊन गेली. खंदक ओलांडून दरवाजापाशी थांबली, पदर नीट केला.

"हितं काढ. भक्कम भीत हाय." मग मान वर करून तिनं नीट पाहिलं. वरचा बुरूज एका बाजूनं ढासळलेला होता. "अगं बाई, हे बी पडलंय की! ह्याचा अर्ज कोण भरतंय?"

लेक हसायला लागली, मी हसायला लागलो आणि आम्हाला पाहून सोजरबाईही. मी बटण दाबलं. मग दांडा फिरला का ते पाहिलं. सावध म्हणून आणखी एक काढला. आणि त्या दिवशी तो रोल अंधाऱ्या खोलीत, दार लावून, तीनदा तपासून कॅमेऱ्यातून काढला.

सोजरबाई शब्दाला जागली. दोन दिवसांनी गावी आली आणि अप्पांनी तिला भिंतीशेजारी उभं करून फोटो काढला. मी तिथं नव्हतो. तो फोटो माझ्याच लॅबमध्ये धुतला, म्हणून सांगतो : ऊन बरोबर, अंतर बरोबर, बोट नाही, तडा वरपासून खालपर्यंत स्पष्ट आणि शेजारी सोजरबाई, हसत नाही, रडत नाही, सरळ कॅमेऱ्याकडं बघतेय. माझ्याच्यानं तो याहून चांगला निघाला नसता. अर्ज मुदतीत गेले. साहेबांनी तो फोटो हातात धरून विचारलं, "हा कुणी काढला?" अप्पा म्हणाले, "मीच," आणि मग गावी जायची गाडी सोडून आधी मला सांगायला लॅबवर आले.

किल्ल्याचा फोटो मी मोठा करून स्वतः नेऊन दिला. सोजरबाईनं तो दोन्ही हातांनी धरला. घरात धड आरसाही नव्हता. दारातल्या उजेडाकडं वळवून ती तो निरखायला लागली. मला वाटलं, पदर वाकडा आलाय, आता पुन्हा कंधार.

"ही तर माझी आय हाय," ती म्हणाली.

आईचा फोटो कधी निघालाच नव्हता. चेहरा विसरत चालला होता. आणि तो आता तिच्याच हातात होता. तिनं डोळे पुसले आणि एकदम व्यवहारी आवाजात म्हणाली, "अजून एक काढून दे. एक माझा म्हणून, एक आयचा म्हणून."

मी दुसरी प्रिंट काढून दिली. आईची म्हणून काढलेली ती तिनं निलंग्याला धाकट्या भावाकडं पाठवली. काही महिन्यांनी ती लातुरात बाजाराला आली तेव्हा लॅबवर डोकावली. भावानं फोटोला फ्रेम केली होती, गंध लावलं होतं, हार घातला होता आणि रोज सकाळी पाया पडत होता.

"अहो मावशी," मी म्हणालो, "जिवंत माणसाच्या फोटोला हार! सांगा की त्यांना, ह्या तुम्ही आहात म्हणून."

"कशाला?" सोजरबाई म्हणाली. "थोरली भैन हाय मी त्याची. आजवर एकदा बी पाया पडला नव्हता."